उत्तर माहीत नसलेलं प्रॅक्टिकल

एफवाय बीएस्सीच्या केमिस्ट्री लॅबमध्ये सगळ्यांत जास्त ऐकू येणारा प्रश्न म्हणजे ‘तुझा सीबीआर किती आला?’ सीबीआर म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. एकच टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडून दुसऱ्याची तीव्रता मोजणं, तीनदा करायचं, निदान दोन रीडिंग जुळली पाहिजेत आणि जुळलेला आकडा जर्नलात लिहून पुढचं गणित मांडायचं. पद्धतीत काही चूक नाही. एकाच मापावर विसंबू नये, हे शहाणपण तिच्यात आहे. घोळ पुढे होतो. पहिलं रीडिंग ९.४, दुसरं ९.९, तिसरं ९.६ आलेलं असतं, संध्याकाळची एसटी गाठायची असते, शेजारच्या टेबलावर ९.८ आलेलं असतं आणि सरांकडच्या उत्तराच्या जवळही तेच असतं. मग जर्नलात तिन्ही ओळींत ९.८ सुवाच्य अक्षरात उतरतं आणि सही मिळते.

मुलं लबाड असतात म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. बाटलीतल्या द्रावणाची तीव्रता सरांना माहीत, गेल्या वर्षीच्या जर्नलाला माहीत, सीनियरला माहीत. अशा वेळी आपण मोजून नवीन काय सांगणार? मुलं हे बरोबर ओळखतात आणि सगळ्यांत कमी कष्टाचा रस्ता धरतात. तीन वर्षं हाच सराव झाला की एमएस्सीला गाईड म्हणतात, ‘प्रामाणिकपणे डेटा घ्या.’ तोवर हात दुसऱ्याच वळणाचा झालेला असतो.

म्हणून पदवीच्या पहिल्याच वर्षी मुलांना संशोधनाची चव द्यावी, या कल्पनेकडे मी थोड्या वेगळ्या बाजूने बघतो. तिच्या बाजूने सहसा सांगितलं जातं ते असं, की मुलांना गोडी लागेल, आत्मविश्वास वाढेल, पुढे परदेशी प्रवेशाला उपयोग होईल. होईलही. पण पहिल्या वर्षाचा खरा मुद्दा सवयीचा आहे. ज्याचं उत्तर वर्गात कुणालाच माहीत नाही असं एखादं माप घ्यायला लागलं, की शेजाऱ्याचं रीडिंग उतरवून काही हाती लागत नाही. शेजारीही तेवढाच अंधारात असतो.

‘संशोधन’ म्हटलं की आपल्याकडे लगेच पांढरे कोट, लाखोंची यंत्रं आणि पीएचडी डोळ्यांसमोर येते. एफवायच्या मुलाला धड मोलॅरिटी काढता येत नाही, तो काय संशोधन करणार, हा प्रश्न स्टाफरूममध्ये हमखास येतो. त्याचं उत्तर शिक्षणसंशोधकांनी बऱ्यापैकी नेमकं दिलेलं आहे. अभ्यासक्रमातच गुंफलेल्या संशोधनाची पाच लक्षणं २०१४ साली अमेरिकेतल्या अभ्यासकांच्या एका गटाने मांडली. मुलं विज्ञानाच्या खऱ्या पद्धती वापरतात, उत्तर आधी कुणालाच माहीत नसतं, त्या उत्तराचा वर्गाबाहेर कुणाला तरी उपयोग असतो, काम मिळून होतं आणि चुकलं तर पुन्हा करायला वाव असतो. या यादीत महागडं यंत्र नाही आणि मोठा शोधही नाही. ‘उत्तर माहीत नसणं’ आणि ‘पुन्हा करायला मिळणं’ या दोन गोष्टी आपल्या नेहमीच्या प्रॅक्टिकलमध्ये नसतात. बाकीच्या थोड्याफार असतात.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत काम देणारा कार्यक्रम १९६९ साली मार्गारेट मॅकविकर यांनी सुरू केला. तिथे एकेक विद्यार्थी एकेका प्रयोगशाळेत जातो. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने २००५ साली वेगळा रस्ता धरला. पहिल्या वर्षाच्या शेकडो मुलांना गटागटाने खऱ्या संशोधनाच्या प्रश्नावर बसवायचं, तेही प्रॅक्टिकलच्या तासांतच आणि तीन सत्रं सलग. २०१६ साली त्याचा लेखाजोखा प्रसिद्ध झाला. तिन्ही सत्रं पूर्ण केलेल्यांपैकी ९४ टक्के मुलांनी विज्ञान-तंत्रज्ञान शाखेचीच पदवी घेतली. तशाच पार्श्वभूमीच्या, पण या कार्यक्रमात नसलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण ७१ टक्के होतं. आकडे जरा जपून वाचायला हवेत. गुण, घरची परिस्थिती वगैरे जुळवून तुलना केली असली, तरी तीन सत्रं टिकून राहणाऱ्या मुलात मुळातच चिकाटी जास्त असू शकते आणि चिकाटी कुठल्या तक्त्यात पकडता येत नाही. तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

नाशिकला हे कसं करता येईल? एकच उदाहरण घेतो, पण शेवटपर्यंत नेतो.

गोदावरी गंगापूर धरणातून सुटते, सोमेश्वर, आनंदवल्ली करत रामकुंडावर येते, पुढे तपोवन, मग आगरटाकळीजवळ नासर्डी तिला मिळते आणि दसक-पंचकमार्गे ती शहराबाहेर पडते. या पट्ट्यात पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कसा बदलतो? माशांना लागतो तो हाच ऑक्सिजन. सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू तो खाऊन टाकतात, म्हणून नदीची तब्येत सांगणारा हा जुना आणि भरवशाचा आकडा आहे. उघड्यावरच्या स्नानासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे, की एक लिटर पाण्यात निदान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा.

मोजायची रीत १८८८ सालची, हंगेरीच्या लायोश विंकलर यांची. लागणारं सामान बहुतेक कॉलेजांच्या कपाटात आहे. बुचाच्या बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरायचं. काठावरच त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका, म्हणजे गाळ, तयार होतो, अजिबात नसेल तर साका पांढराच राहतो. म्हणजे आकडा यायच्या आधीच डोळ्यांना अर्धी बातमी कळते. लॅबमध्ये आणून त्यात आम्ल घातलं की साका विरघळतो आणि जितका ऑक्सिजन होता तितक्या हिशेबात आयोडीन मोकळं होतं. त्याचं हायपोशी, म्हणजे सोडियम थायोसल्फेटशी, टायट्रेशन करायचं. शेवटी स्टार्च घालायचा आणि निळा रंग गेला की थांबायचं. २०० मिलिलिटर पाणी आणि ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं हायपो घेतलं, तर ब्युरेटवरचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. गुणाकारसुद्धा करावा लागत नाही. आयोडीन आणि हायपोचं टायट्रेशन तर मुलांच्या ओळखीचंच असतं.

नदीवर जाण्याआधी एक चाचणी घ्यावी, आणि माझ्या मते या सगळ्या उपक्रमातली ती सर्वांत मोलाची गोष्ट आहे. स्वच्छ पाणी हवेबरोबर भरपूर खळबळवायचं, म्हणजे त्यात मावेल तेवढा ऑक्सिजन विरघळेल, आणि तो मोजायचा. पुस्तकातला तक्ता सांगतो, की २५ अंश सेल्सिअसला हे उत्तर लिटरमागे ८.२६ मिलिग्रॅम यायला हवं. नाशिकच्या लॅबमध्ये काळजीपूर्वक मोजणाऱ्याला ते ७.७ च्या आसपास येतं. पुन्हा केलं तरी ७.६, ७.७.

आता मुलांकडे बघत राहावं. जुन्या सवयीचा मुलगा ८.२ लिहून मोकळा होईल. दुसरा म्हणेल, हायपोच चुकीचं बनलंय. तोही चांगला संशय आहे, तपासून बघावा. हायपो बरोबर निघाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, इथे हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी कमी, म्हणून पाण्यात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी विरघळतो. अकरावी-बारावीत पाठ केलेला हेन्रीचा नियम इथे पहिल्यांदा कामाला येतो. पुस्तकाचं रीडिंग बरोबर आणि आपलंही बरोबर, हे एकदा हातातल्या ब्युरेटवर अनुभवलेला विद्यार्थी पुढे आकडा ‘सुधारायला’ सहजी धजत नाही.

मग नदी. समजा वीस जणांची बॅच आहे. दोघादोघांच्या दहा जोड्या, नदीवरची पाच ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी दोन जोड्यांनी एकमेकींना न विचारता स्वतंत्रपणे मोजायचं. दोघींचे आकडे जवळ आले तर भरवसा वाढतो. लांब गेले तर का गेले हे शोधायचं. बुडबुडा राहिला होता का? काठावरचं पाणी घेतलं की मधलं? साका बसायच्या आत घाईने आम्ल घातलं का? इथे चुकलेलं रीडिंग कामाचं असतं, म्हणून ते खोडायचं नाही, त्यावर एक रेघ मारून शेजारी कारण लिहायचं.

पहिल्या फेरीनंतर बहुधा एखादा विचित्र आकडा निघेल. संथ, पाणवेलींच्या किंवा हिरवट शेवाळाच्या पाण्यात दुपारी दोनला ऑक्सिजन भरपूर सापडू शकतो, आणि मुलं म्हणतील की इथे तर पाणी उत्तम आहे. एखादी मुलगी तिथेच पहाटे सहाला बाटली भरून आणते आणि आकडा पार खाली गेलेला असतो. दिवसा शेवाळ प्रकाशसंश्लेषण करून पाण्यात ऑक्सिजन सोडतं, रात्रभर स्वतःच तो वापरतं. म्हणजे वेळ लिहिली नसेल तर आकड्याला अर्थ नाही. पहाटे नमुना घ्यायची कल्पना शिक्षकांनी आधी सांगून टाकू नये. तापमान, वेळ, धरणातून पाणी सोडलंय का, हे सगळं वहीत का लिहायचं हे मुलांना असं कळतं. ‘निरीक्षणे’ या मथळ्याखाली लिहा म्हणून कळत नाही.

सांडपाणी मिळतं तिथे आणखी एक मेख आहे. पाण्यात नायट्राइट असेल तर तेही आयोडीन मोकळं करतं आणि ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. त्यासाठी पद्धतीत सोडियम अझाइड वापरतात. हा पदार्थ विषारी आहे, आम्लाशी त्याचा आणखी विषारी वायू होतो. ते द्रावण बनवणं मुलांवर सोडू नये. शिक्षकांनी तयार करावं, मापून द्यावं, उरलेलं वेगळं जमा करावं. सुरक्षेच्या बाबतीत मी अजिबात उदार नाही. पावसाळ्यात किंवा विसर्ग चालू असताना घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, पाण्यात पाय घालायचा नाही, शिक्षक सोबत नसतील तर नमुना घ्यायचा नाही. सांडपाण्याच्या जागी हातमोजे हवेतच. आणि हे काम दुसऱ्या सत्रात ठेवावं, पूर ओसरलेला असतो.

नदी नको असेल तर प्रश्नांना तोटा नाही. निफाड-दिंडोरी-पिंपळगावकडून येणाऱ्या मुलांच्या घरीच प्रयोगशाळा आहे. मण्यांत पाणी उतरायला लागल्यापासून काढणीपर्यंत द्राक्षातली साखर चढत जाते आणि आम्ल उतरत जातं. साखर बघायला बागायतदाराकडे रिफ्रॅक्टोमीटर असतो; आम्ल सहसा कुणी मोजत नाही. ते मोजायला साधं सोडियम हायड्रॉक्साइड आणि फिनॉल्फ्थॅलीन पुरतं, ०.१ नॉर्मल द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे टार्टारिक आम्लाचे ७.५ मिलिग्रॅम. एकाच वेलीवर उन्हाच्या बाजूचा घड आणि पानांच्या सावलीतला घड, दोघांतलं आम्ल सारख्याच वेगाने उतरतं का? हंगाम जानेवारी ते एप्रिल, म्हणजे नेमकं दुसरं सत्र. आणि उत्तराची वाट बघणारा एक माणूस घरी बसलेला असतो, हा भाग मला फार आवडतो. बोर्डो मिश्रणाची, म्हणजे तांबं असलेल्या बुरशीनाशकाची, फवारणी झालेल्या पानांवरून किती धुण्यांत किती तांबं निघतं, हाही आयोडीन-हायपोनेच सुटणारा प्रश्न आहे.

लासलगावच्या बाजूला कांद्याच्या टरफलांचे ढीग. त्यांत क्वेर्सेटिन हे पिवळं रंगद्रव्य असतं. तुरटी लावलेल्या सुती कापडावर ते पिवळसर-सोनेरी चढतं, लोहाच्या क्षारानं काळपट हिरवं होतं. तुरटीचं प्रमाण बदललं तर धुतल्यावर किती रंग टिकतो? फोनच्या कॅमेऱ्याने एकाच उजेडात फोटो काढून रंगाचे आकडे काढता येतात. येवल्याच्या पैठणीचा जिल्हा आहे, रंगाच्या प्रश्नाला गिऱ्हाईकही मिळेल.

प्रश्न निवडताना एकच पथ्य: मुलांच्या हातात आधीच असलेल्या एका तंत्रावर तो सुटला पाहिजे. ‘नॅनोकण वापरून कर्करोगावर उपाय’ छापाचे विषय पोस्टरवर भारी दिसतात. प्रत्यक्षात मुलगा त्यात दुसऱ्याने बनवलेल्या द्रावणाच्या बाटल्या धुतो.

आता आधार कुणी आणि कसा द्यायचा. इथे सहसा पैशाचा विषय पहिला निघतो. वर सांगितलेल्या कामांना रसायनं आणि काचसामान फारसं वेगळं लागत नाही. खरी टंचाई वेळाची आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी आहे.

मुलांचा वेळ बघा. सिन्नर, चांदवड, दिंडोरीहून रोज ये-जा करणारी मुलं आहेत. कुणी सातपूर-अंबडला अर्धवेळ काम करतं, कुणी घरच्या शेतावर राबतं. ‘ज्यांना संशोधनाची आवड आहे त्यांनी चारनंतर थांबा’ अशी नोटीस लागली की कोण थांबणार ते आधीच ठरलेलं असतं: शहरात घर असलेली आणि कमवायची गरज नसलेली मुलं. गुणांची चाळणी लावली तरी जवळपास तीच उरतात. म्हणून हे काम प्रॅक्टिकलच्या वेळापत्रकाच्या आतच बसवावं आणि सगळ्या बॅचला द्यावं. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला सत्रात ३० तास असतात. त्यातले शेवटचे तीन-चार प्रयोग काढून त्या जागी एक सलग प्रश्न घालणं अशक्य नाही, शिकवायची तंत्रं तीच राहतात. अभ्यासक्रम विद्यापीठाचा असेल तर कॉलेजला एवढी मोकळीक नसते, हे खरं. स्वायत्त कॉलेजांना असते. बाकीच्यांनी फील्ड प्रोजेक्टसारख्या, राज्याच्या नव्या आराखड्यात आलेल्या क्रेडिटचा आधार घ्यावा.

शिक्षकांचा वेळ हा त्याहून अवघड भाग. आपल्या कॉलेजांत कितीतरी विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर चालतात. त्यांना पैसे मिळतात ते तासाचे. पहाटे नदीवर जाणं, मुलांच्या वह्या वाचणं, फसलेलं टायट्रेशन पुन्हा लावणं यातलं काहीच तासात मोजलं जात नाही. असा उपक्रम एखाद्या उत्साही मॅडमच्या खांद्यावर उभा राहतो आणि त्यांची नेमणूक संपली की बंद पडतो. प्राचार्यांना खरंच पाठिंबा द्यायचा असेल, तर उद्घाटनाच्या नारळापेक्षा या कामाचे तास वर्कलोडमध्ये धरावेत. लॅब असिस्टंटचंही तसंच. द्रावणं तोच बनवतो, कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते, आणि सत्कारात त्याचं नाव नसतं.

मदतीचा एक हात मात्र कॉलेजातच असतो, तो आपण वापरत नाही. टीवाय आणि एमएस्सीची मुलं. केटीएचएम किंवा एचपीटी-आरवायकेसारख्या मोठ्या कॉलेजांत रसायनशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षणही आहे. टेक्सासच्या कार्यक्रमातही आधीच्या तुकडीतली मुलंच नव्यांना हाताशी धरतात. एफवायचा मुलगा सरांना ‘नॉर्मॅलिटी म्हणजे नक्की काय’ हे विचारायला कचरतो, ताईला विचारतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना तर हा आधार लाखमोलाचा. वहीही सुरुवातीला मराठीत लिहू द्यावी. ‘शेवटी धार एकदम सुटली, दोन थेंब जास्त गेले’ हे वाक्य कोणत्याही कॉपी केलेल्या इंग्रजी परिच्छेदापेक्षा चांगली वैज्ञानिक नोंद आहे.

बाहेरच्या योजनांबद्दल थोडक्यात. बारावी बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेतलेल्या मुलांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले २०,००० रुपये उन्हाळ्यात एखाद्या मार्गदर्शकाकडे संशोधन करण्यासाठी असतात. हा भाग घरी फारसा कुणी वाचत नाही. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथल्या एनआययूएस उपक्रमात पदवीच्या मुलांना रसायनशास्त्राची शिबिरं आणि पुढे प्रकल्प मिळतात. राज्यातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ स्पर्धा २००६ पासून चालू आहे आणि तिच्यात पदवीचा स्वतंत्र गट आहे. देशाच्या तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप थोडी पुढच्या वर्षांसाठी, पण तिच्या अर्जात ‘तुम्ही काय केलंय’ हे लिहावं लागतं, आणि तिथे पहिल्या वर्षाची वही कामी येते.

नवीन शैक्षणिक धोरणाने हा विषय आणखी जवळ आणला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पदवी चार वर्षांची घेता येते आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असलेल्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं. म्हणजे निवड गुणांवर होणार आणि संशोधन सातव्या सत्रात सुरू होणार. एखाद्याला तीन वर्षं उत्तम गुण मिळाले, चौथ्या वर्षी पहिल्यांदा उत्तर माहीत नसलेला प्रश्न समोर आला आणि त्याच वेळी कळलं, की आपल्याला हे झेपत नाही किंवा आवडतच नाही, तर ते वर्ष कुठून भरून आणायचं? आवडत नाही हे कळणंही वाईट नाही, पण ते पहिल्या वर्षी कळलेलं स्वस्त पडतं.

पालक विचारतात, याने नोकरी मिळते का? थेट नाही. पण नाशिक परिसरात रसायनशास्त्राची मुलं मोठ्या संख्येने औषध कंपन्यांच्या क्यूसी, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या, विभागांकडे वळतात. तिथे कामाचा पहिला नियमच असा, की रीडिंग जेव्हा घेतलं तेव्हाच, ज्याने घेतलं त्यानेच, जसं आलं तसंच लिहायचं. मागाहून नीटनेटकी केलेली नोंद हा तिथे गुन्हा धरला जातो. परदेशी औषध नियामकांनी अशा नोंदींवरून भारतीय कारखान्यांना इशारापत्रं दिलेली आहेत. कॉलेजात सही मिळवून देणारी सवय तिथे नोकरी घालवू शकते.

आता एक सावधगिरी. संशोधन म्हटलं की लगेच ‘पेपर छापू या’ असा धोशा सुरू होतो. पैसे भरा आणि आठवड्यात पेपर घ्या, असं सांगणारी नियतकालिकं व्हॉट्सअ‍ॅपवरच भेटतात. छापील क्रमांक आणि ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण म्हणजे दर्जा नव्हे. पहिल्या वर्षाच्या मुलाला पेपरची गरज नाही. एक तक्ता, एक आलेख, आणि समोर उभं राहून दहा मिनिटं ‘आम्ही काय मोजलं, कुठे फसलो, अजून काय कळलं नाही’ हे सांगता येणं पुरे. मूल्यमापनही तसंच करावं. उत्तर कोणाशी जुळलं याला गुण ठेवूच नयेत, कारण जुळवायला काही नाहीच. वहीतल्या नोंदी, पुन्हा केलेली मापं आणि विचारलेले प्रश्न यांना ठेवावेत. पुढे कधी शिक्षकांनी तो डेटा खरंच एखाद्या लेखात वापरला, तर मुलांची नावं त्यात हवीत, आणि हे सुरुवातीलाच लिहून ठरलेलं बरं.

सुरू करायचं तर एका बॅचपासून करावं. पहिल्या सत्रात विंकलरची पद्धत आणि ७.७ ची चाचणी, दिवाळीनंतर हायपो नव्याने प्रमाणित करणं, जानेवारी ते मार्च नदीवर महिन्यातून एक फेरी. पुढच्या वर्षीच्या एफवायने तीच पाच ठिकाणं, तीच वेळ आणि तोच तक्ता पुढे चालवायचा. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर लाखो लोक उतरतील. त्या वेळचं पाणी नेहमीपेक्षा किती वेगळं आहे हे सांगायला आधीच्या वर्षांतलं ‘नेहमीचं’ कुणीतरी मोजून ठेवलेलं लागेल. त्यासाठी वह्या घरी न नेता विभागाच्या कपाटात ठेवाव्यात, तक्त्याची प्रत विभागाच्या संगणकावर असावी आणि प्रत्येक रीडिंगपुढे मोजणाऱ्याचं नाव असावं.